म्हशीला म्हशीसारखं बोलू द्या

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांना एक काम हमखास दिलं जातं: माणूस नसलेलं, पण माणसासारखं वागणारं एक पात्र लिहा आणि ते हलवून दाखवा. प्राणी, झाड, भांडं, यंत्र, भूत, काहीही चालतं. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या मराठी घरांतली मुलंही आता हे काम करताना दिसतात. कुणी पदवीच्या वर्गात करतं, कुणी खासगी संस्थेत, कुणी घरी मोबाइलवर बघत बघत शिकतं. परीक्षक म्हणून आणि मार्गदर्शक म्हणून ही कामं माझ्यासमोर येतात. मुलांची मेहनत बघून मन भरून येतं आणि त्यांची पात्रं बघून वाईट वाटतं. खानापूर तालुक्यातल्या मुलानं केलेलं अस्वल परदेशी कार्टूनसारखे खांदे उडवतं, पाठ्यपुस्तकातली मराठी बोलतं आणि शेवटी ‘जंगल वाचवा’ अशी पाटी दाखवून निघून जातं.

दोष मुलांचा नाही. या प्रकल्पांचा क्रमच उलटा लागला आहे. आधी आकृती, मग हालचाल, मग आवाज, आणि उरलेल्या चार दिवसांत लेखन. माझ्या मते लेखन सगळ्यात आधी यायला हवं, ते मुलाच्या घरच्या बोलीत व्हायला हवं, आणि पात्र होणारा प्राणी त्यानं स्वतः उभं राहून पाहिलेला असावा. गुणांचा मोठा वाटाही यालाच मिळावा. हा प्रश्न एखाद्या विभागाच्या बैठकीत मिटवून टाकण्याइतका लहान नाही. सीमाभागातली मराठी पुढच्या पिढीच्या तोंडी कोणत्या रूपात राहणार, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

माणसासारखं म्हणजे नेमकं काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. प्राण्याला दोन पायांवर उभं केलं, अंगात शर्ट घातला, हातात मोबाइल दिला की तो माणसासारखा झाला असं मुलांना वाटतं. मी त्यांना दुसरी कसोटी सांगतो. पात्राला जे हवं आहे ते माणसाला समजेल असं असावं, आणि ते मिळवायला जाण्याची तऱ्हा मात्र त्या प्राण्याचीच असावी. ओढ माणसाची, अंग प्राण्याचं. यातलं एक जरी निसटलं तरी उरतो तो एक तर माहितीपट, नाही तर मुखवटा घातलेला माणूस.

ही कसोटी काही मी शोधून काढलेली नाही. गावोगावच्या वेशीवर मारुती उभा आहे, त्याच्याकडे या नजरेनं बघावं. त्याची स्वामिनिष्ठा, त्याचा राग, त्याचा विनय सगळं आपल्याला आपलं वाटतं. पण त्याच्या कथेतून शेपूट काढून टाका बघू. रावणाच्या दरबारात आसन मिळालं नाही तेव्हा त्यानं शेपटीचं वेटोळं करून त्याचंच आसन केलं, आणि लंका पेटली तीही शेपटीमुळंच. जे माणसाकडे नाही त्यावरच कथा वळण घेते. नंदीबैलाचंही तसंच. पाऊस पडेल का, असं विचारल्यावर तो मान हलवतो एवढंच, पण त्या मान हलवण्यात गाव आपलं उत्तर वाचतं. त्याला तोंडानं बोलतं केलं तर सगळी मजा जाईल. आपल्याकडच्या लोकांना माणूस नसलेलं पात्र कसं रचावं हे फार पूर्वीपासून कळत आलं आहे. वर्गात आल्यावर मुलं ते विसरतात, कारण तिथं त्यांना कुणी ते विचारतच नाही.

आता म्हशीकडे येतो. म्हैस निवडण्याचं कारण साधं: ती दिसते. अस्वल बघायला भीमगडच्या रानात जावं लागेल आणि तसं कुणी जाऊही नये. म्हैस मात्र गल्लीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी समाज म्हशी सजवतो, शिंगं रंगवतो, गळ्यात घुंगरमाळा बांधतो आणि त्या पळवतो. मालक पुढे मोटारसायकलवर, आणि त्याच्या हाकेमागे म्हैस. एरवी चार पावलं टाकायला कुरकुरणारं ते धूड मान पुढे ताणून, शिंगं पाठीकडे टाकून अशा वेगानं येतं की बघणारे मागे सरतात. एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात ती नेमकी आपल्या माणसाच्या मागेच येते. एका पात्राला आणखी काय हवं? तिला कुणीतरी हवं आहे, तो माणूस पुढे पळतो आहे, आणि तिच्याकडे चार पाय आणि कान आहेत. गोष्ट सुरू झाली.

पण मुलांनी काढलेल्या म्हशी मी बघतो तेव्हा त्या वरचे पांढरे दात दाखवून हसत असतात. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. तिथं नुसती कडक हिरडी असते. ती गवत जिभेनं ओढते आणि खालच्या दातांनी हिरडीवर दाबून तोडते. म्हणजे वरची बत्तिशी दाखवून हसणारी म्हैस ही न बघता काढलेली म्हैस. मग ती आनंद दाखवणार कशानं? कानांनी. तिचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे तुमच्याकडे बघायला तिला मान वळवावी लागत नाही. लक्ष कुठं आहे ते कान सांगतात. एक कान मालकाच्या आवाजाकडे आणि दुसरा मागच्या कुत्र्याकडे, असं तिला एकाच वेळी करता येतं. माणसाच्या चेहऱ्याला हे जमत नाही. ही देणगी हातात असताना आपण तिला माणसाच्या भुवया चिकटवतो.

रवंथ तर संवादासाठी सोन्याची खाण आहे. गोठ्यात बसून नीट बघावं. मानेच्या खालच्या बाजूनं एक गोळा वर सरकताना दिसतो. तो तोंडात आला की जबडा आडवा फिरू लागतो, साधारण चाळीस-पन्नास वेळा, एका लयीत. मग घास गिळला जातो, क्षणभर सगळं थांबतं, आणि पुढचा गोळा वर येतो. आता समजा, मालकानं म्हशीला काही विचारलं. माणूस लगेच उत्तर देईल. म्हैस घास संपवून देईल. तोवर मालक तिष्ठत उभा. या एका विरामात तिचा रुसवाही येतो, तिचा मोठेपणाही येतो आणि बघणाऱ्याला हसूही येतं. त्यासाठी संवादात एक शब्द वाढवावा लागत नाही. लिहिणाऱ्यानं गोठ्यात अर्धा तास काढला असेल तरच हा विराम कागदावर उतरतो. नंतर संगणकावर तो सुचत नाही, कारण तिथं तोपर्यंत आवाज ध्वनिमुद्रित झालेला असतो आणि त्याच्या मापानंच हालचाल बसवायची असते.

बोलण्याकडे वळतो. एका मुलीच्या संहितेत म्हैस म्हणत होती, ‘मी केव्हापासून तुझी प्रतीक्षा करत आहे.’ मी तिला विचारलं, तुझी आजी हे कसं म्हणेल? ती चटकन म्हणाली, ‘कवाधरनं वाट बघालोय मी.’ आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. ‘मी बघितलो’, ‘मी सांगितलो’ हेही इथलंच. त्या वाक्यासरशी म्हशीला वय मिळालं, गाव मिळालं आणि हक्कानं रागवायची जागा मिळाली. आणि तांत्रिक बाजूनंही हे वाक्य किती सोयीचं आहे बघा. त्यात ओठ पूर्ण मिटतात ते दोनदाच, ‘बघालोय’मधल्या ‘ब’ला आणि ‘मी’ला. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, धरतात. हे वाक्य दोन सेकंदांचं धरलं तर ४८ चौकटींत ओठ मिटण्याच्या दोन जागा अचूक पकडल्या आणि ‘वाट’, ‘घा’, ‘लो’ला जबडा मोकळा सोडला, की म्हैस बोलली. म्हशीचे ओठ रुंद आणि जड. त्यांना बारीक आकार झेपतही नाहीत. कुठल्या उच्चाराला ओठ कसे दिसतात हे दाखवणारे तयार तक्ते बहुतेक इंग्रजी उच्चारांसाठी केलेले असतात. त्यात आपला ‘ळ’ नसतो, ‘ण’ नसतो. मुलं त्या तक्त्यात मराठी कोंबतात आणि मग तोंड एक बोलतं आणि आवाज दुसरंच. प्रत्येक वर्गानं आरशासमोर उभं राहून आपल्या बोलीचा तक्ता एकदा स्वतः काढावा. एका दुपारचं काम आहे.

तयार मालाचा हाच त्रास हालचालींतही होतो. मानवी नटांच्या अंगाला खुणा लावून टिपलेल्या चाली आता आयत्या मिळतात. चालणं, धावणं, उडी, नाच, सगळं. ती चाल एखाद्या अस्वलाच्या सांगाड्याला जोडली की अस्वल चालू लागतं, पण चालतं ते त्या नटासारखं. आपल्याकडचं अस्वल पुढचे पंजे आत वळवून चालतं. त्याच्या नख्या लांब, तोंड फिकट, छातीवर पांढरटसा पट्टा, आणि वरचे मधले दोन दात नसतात; त्या फटीतून आणि पुढे काढता येणाऱ्या ओठांतून ते वारुळातली वाळवी शोषून घेतं आणि तो आवाज रानात बराच दूर जातो. अस्वलीण पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. मुलांच्या वहीत मात्र असतं परदेशी तपकिरी अस्वल, गोल कानांचं, मासे पकडणारं, कारण संगणकाला नुसतं ‘अस्वल’ म्हटलं की तो तेच समोर ठेवतो. आता तर वर्णन लिहिलं की चित्र आणि हालचाल दोन्ही तयार करून देणारी साधनं आली आहेत. ती वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं अस्वलाचं शोषणारं तोंड मनाशी पाहिलेलं नाही, त्याला आलेल्या चित्रात काय चुकलं हे कळणार कसं?

जपानी यंत्रमानव-शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक गोष्ट मांडली होती. माणसाशी साम्य वाढत गेलं की बघणाऱ्याची आपुलकी वाढते. पण साम्य जवळजवळ पूर्ण झालं आणि थोडंसंच काही उणं राहिलं, की आपुलकीच्या जागी एकदम शिसारी येते. ते यंत्रमानवांविषयी बोलत होते, तरी मुलांच्या कामात हे रोज दिसतं. माणसाचे डोळे आणि माणसाचे ओठ लावलेला कुत्रा अंगावर काटा आणतो. तोच कुत्रा शेपूट पायांत घालून बसला की त्याची लाज आपल्याला लगेच कळते. भीमगडजवळच्या बारापेडे गुहांत राहणारं एक वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त तिथंच ठाऊक होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. कपाळावर जुळलेले मोठाले कान, पायांमधल्या कातडीच्या पडद्याबाहेर डोकावणारी शेपूट. खानापूरच्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे पात्र घ्यावं असं मला मनापासून वाटतं. उलटं लटकणाऱ्या चेहऱ्यावर हसू कुठल्या बाजूला वळलेलं दिसेल, एवढा एकच प्रश्न सोडवताना त्याला चेहऱ्याविषयी जे कळेल ते कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही.

या सगळ्यावर आक्षेप येतात. सगळ्यात वजनदार आक्षेप पालकांचा असतो: बेळगावच्या बोलीतली म्हैस करून पोराला बेंगळुरात नोकरी कोण देणार? चिंता खरी आहे. कर्नाटकानं २०१२ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण आणलं, २०२४ मध्ये ते नव्यानं आणलं. या धंद्यात कामं आहेत आणि मुलांनी ती मिळवलीच पाहिजेत. पण कामं देणारी माणसं उमेदवाराची चित्रफीत बघतात तेव्हा पात्राच्या अंगात वजन आहे का, ते विचार करताना दिसतं का, हे बघतात. आयती चाल जोडलेली चकचकीत अस्वलं त्यांनी ढिगानं पाहिलेली असतात. घास गिळून मग उत्तर देणारी म्हैस त्यांना भाषा न कळताही कळेल. साधनांच्या खर्चाची सबबही आता उरलेली नाही. ब्लेंडरसारखं पूर्ण ताकदीचं सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त आहे आणि आवाज टिपायला मुलांच्या खिशातला फोन पुरतो.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. इथली मराठी कन्नड मिसळलेली, अशुद्ध. ती पडद्यावर नेली तर पुण्या-मुंबईत हसतील. यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. या मुलांच्या आज्यांनी ही भाषा कन्नड शेजाराबरोबर राहून, बाजार करून, लग्नं-बारशी करून टिकवली. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ करणारा किळ्ळेक्यात समाज आहे. त्याच्या घरात मराठीची एक बोली बोलतात आणि पडद्यामागून तो कन्नडमध्ये रामायण सांगत आला. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं की कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चामड्याच्या आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. घाटाच्या दोन्ही अंगांना वानर, राक्षस आणि हरणं सावलीतून बोलत होती. त्यांच्या भाषेची शुद्धता तपासायला कुणी बसलं असतं तर खेळ पहिल्याच रात्री बंद पडला असता. आणि कॅमेऱ्यानं निर्जीवाला हलवणं हेही आपल्याला परकं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक चौकट सरकवून त्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. बेळगावच्या पोरानं म्हैस हलवली तर तो त्याच घराण्यातला.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोललीच पाहिजे. आमच्याकडे १ नोव्हेंबर हा दिवस काळा दिन म्हणून पाळला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेची जखम इथल्या घराघरात आहे, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मी त्या घरांतलाच आहे. त्यामुळे मुलांना मोह होतो, आणि मोठे तो मोह वाढवतात: बिबट्या म्हणजे सीमाभागातला मराठी माणूस, जंगल म्हणजे महाराष्ट्र, पिंजरा म्हणजे दुसरं काहीतरी. पाच मिनिटांत रूपक संपतं आणि बिबट्याही संपतो. बेळगावात ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात खरंच बिबट्या शिरला होता. आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, शोधासाठी शिवमोग्याकडच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले, आणि तो काही हाती लागला नाही. त्या बिबट्याला काय हवं होतं? लपायला जागा, खायला काहीतरी, आणि माणसांची ही सगळी वर्दळ कधी थांबते याची वाट. दिवसभर झुडपात दडून बाहेर आपलंच नाव ऐकत बसलेला प्राणी केवढं मोठं पात्र आहे! त्याच्या खांद्यावर आपला झेंडा दिला की त्याची भीती दिसेनाशी होते आणि आपलं दुःखही पोचत नाही. सीमाप्रश्नावर मुलांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी माणसांची गोष्ट करावी, उघडपणे आणि नावानिशी. ‘जंगल वाचवा’च्या पाटीचंही हेच. प्राण्याला व्याख्याता केलं की बघणारा त्याच्यासाठी हळहळायचं सोडून मान डोलावतो.

म्हणून महाविद्यालयांकडे आणि संस्थांकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रकल्पाच्या वेळेतला निम्मा वेळ बघण्याला आणि लिहिण्याला राखून ठेवा. त्या काळात संगणक उघडायचा नाही, वही उघडायची. भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय शहरापासून लांब नाही. सहल म्हणून नको, वही घेऊन जा आणि एकाच प्राण्यासमोर दिवस काढा. संवाद मुलानं ज्या भाषेत सुचला त्याच भाषेत लिहू द्या. प्रस्ताव इंग्रजीतच हवा हा नियम असेल तर असू दे, पण संहिता इंग्रजीत लिहून मग मराठी करायची हा प्रकार थांबवा. कन्नड घरातल्या मुलानं कन्नडमध्ये लिहावं, त्याच्या अस्वलाला त्याच्या आजीची कन्नड मिळावी; दोघांनी एकमेकांच्या संहिता वाचाव्यात आणि खाली एकमेकांच्या भाषेत ओळी द्याव्यात. गुण देताना परीक्षकानं आधी आवाज बंद करून चित्रफीत बघावी आणि प्राणी ओळखू येतो का ते पाहावं; मग चित्र झाकून आवाज ऐकावा आणि गाव ओळखू येतं का ते पाहावं. प्रकाशछाया आणि केसांचा झळाळ यांचे गुण त्यानंतर.

शेवटची मागणी साहित्य संमेलनांच्या आयोजकांकडे आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथं गावं स्वतःच्या हिमतीवर मराठीची संमेलनं भरवतात. सीमाभागानं मिरवावी अशी ही गोष्ट आहे. त्या मांडवात कथाकथन असतं, कवी असतात, परिसंवाद असतात. दुपारच्या सत्रातली पंधरा-वीस मिनिटं मुलांच्या या छोट्या चित्रफितींना द्या आणि त्या लिहिणाऱ्या मुलांना कवींच्या शेजारी व्यासपीठावर बसवा, कारण तेही लेखकच आहेत. समोर गोठ्यातून उठून आलेल्या बायका बसलेल्या असतात. म्हशीचा कान चुकीच्या वेळी हलला तर मुलाला त्या जागच्या जागी सांगतील, आणि तसा परीक्षक कुठल्याही विद्यापीठाला नेमता यायचा नाही.